रबरी बोटीचा डावा कप्पा रात्रीत मऊ पडतो, मृगाआधी दुरुस्त करायची आहे

काठावरचा | १२ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्याच ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यातल्या ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली, ते इकडे कुणीही विसरलेलं नाही. पुढच्या वर्षी गावाने वर्गणी काढून एक वापरलेली रबरी बोट घेतली. लांबी साडेचार मीटर, मागे इंजिन लावायची फळी, डावी, उजवी आणि पुढची अशी ट्यूब तीन कप्प्यांची, खाली कील, म्हणजे तळाच्या मधोमधची फुगवायची नळी, वेगळी. २०२१ ला हिच्यातूनच आम्ही मळ्यावरची माणसं, दोन शेरडं आणि एक बाळंतीण बाहेर काढली.

आता अडचण अशी की डावा कप्पा टिकत नाही. संध्याकाळी टणक भरावा, तर पहाटे अंगठा दाबला की आत जातो. गेल्या पावसाळ्यात गावातल्या पंक्चरवाल्याकडून एका खरचटलेल्या जागी ठिगळ लावून घेतलं होतं. त्याने मनापासून काम केलं, पण आठवड्यात कड सुटली. परवा पूर्ण डाव्या कप्प्याला निरम्याचं पाणी लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. भोक नाही तर हवा जाते कुठे?

गोंद कुठला घ्यावा, तेही सांगा. गावात दीड महिना काढता येईल. मृग लागायच्या आत बोट उभी राहिली पाहिजे.

मालवणी_वारा | १२ एप्रिल, रात्री ११:०५

आधी व्हॉल्व्ह बघा. आमच्याकडे तारकर्लीला डायव्हिंगच्या बोटींची निम्मी दुखणी तिथेच निघतात. आतल्या रबरी चकतीवर वाळूचा एक कण बसला तरी रात्रभर हवा झिरपते. झाकण काढून, व्हॉल्व्हच्या तोंडात साबणाचं पाणी भरून पाच मिनिटं बघत बसा. मग व्हॉल्व्हच्या कडेने, जिथे तो कापडाला आवळलेला असतो तिथेही. तो आवळायला खास पान्हा मिळतो. पकडीने आवळायला जाऊ नका, प्लास्टिकचे दात तुटतात.

आणि निरमा नको, त्याचा फेस लगेच बसतो. भांडी घासायचा पातळ साबण पाण्यात घट्टसर कालवून ब्रशने लावा.

वारणाकाठ | १३ एप्रिल, सकाळी ७:४०

आमच्या गावातही अशीच बोट आहे. आम्ही तर झटपट चिकटणारा गोंद लावून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा मारला होता. महिनाभर टिकला. तात्पुरतं करायला काय हरकत आहे?

कुंडलिका_गाईड | १३ एप्रिल, दुपारी २:१५

कोलाडला गेली बारा वर्षं राफ्ट, म्हणजे वाहत्या नदीतल्या रबरी बोटी, चालवतो आणि त्या दुरुस्तही करतो. भिऱ्याच्या वीजघरातून रोज पाणी सुटतं म्हणून आमची कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, आणि म्हणून आमच्या राफ्टना दगड बारमाही लागतात.

वारणाकाठ भाऊ, हरकत आहे. झटपट गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो. ट्यूब फुगते, दबते, वाकते. गोंद वाकत नाही, मग तो तडकतो आणि तडकताना खालच्या कापडाचा लेप घेऊन निघतो. नंतर नीट ठिगळ लावायला गेलं की आधी तो खरवडून काढण्यात दिवस जातो. सायकलचं सोल्युशन सायकलच्या ट्यूबसाठी उत्तम आहे. पण ते त्या रबरासाठी बनवलेलं असतं. बोटीचं कापड वेगळं.

काठावरचा, गोंदाचं नंतर बोलू. आधी दोन गोष्टी सांगा. तुमची बोट कोणत्या कापडाची आहे? आणि पुढचा कप्पा कसा आहे, तो टणक राहतो का?

काठावरचा | १३ एप्रिल, रात्री ९:५०

व्हॉल्व्ह पाहिला दादा, डावा कोरडा ठणठणीत. कापड कुठलं ते ओळखता येत नाही, बोट जुनी घेतलेली, कागद नाहीत. रंग नारिंगी.

पुढचा कप्पा पहिल्यापासून थोडा नरमच असतो. तो वर उचललेला असल्यामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

कुंडलिका_गाईड | १३ एप्रिल, रात्री १०:३०

तो नरम असायचं काही कारण नाही. तिथेच गोम आहे असं मला वाटतं.

कापड असं ओळखा. पीव्हीसी असेल तर बाहेरून चकचकीत, नखाने खरवडलं तर प्लास्टिकसारखं लागतं, आणि बहुधा आतूनही तसंच दिसतं. हायपलॉन, म्हणजे कृत्रिम रबराचा लेप दिलेलं कापड, असेल तर बाहेरून जरा मिणमिणीत, रबरासारखं, आणि आतली बाजू काळी किंवा करडी, कारण आतून निओप्रीन या दुसऱ्या कृत्रिम रबराचा थर असतो. व्हॉल्व्ह काढला की भोकातून आतला रंग दिसेल. तरी शंका राहिली तर फळीच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने थोडं अ‍ॅसिटोन घासा. पीव्हीसी चिकट होतं.

आता मुख्य परीक्षा. सगळ्या कप्प्यांची हवा पूर्ण काढा. मग फक्त डावा कप्पा भरा, तोही अर्ध्या दाबापर्यंतच. बाकी दोन रिकामे, त्यांचे व्हॉल्व्ह बंद. एक तास काही करू नका. मग पुढचा कप्पा बघा.

निवृत्त_मास्तर | १४ एप्रिल, सकाळी ६:५५

हवा गळण्याचा शोध घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी, नाहीतर नसलेलं भोक शोधण्यात वेळ जाईल. मी पदार्थविज्ञान शिकवत असे, म्हणून आकडे करून दाखवतो.

बोटीच्या ट्यूबमध्ये साधारण ०.२५ बार दाब ठेवतात. हा वातावरणाच्या वरचा दाब. वातावरणाचा १ बार धरला तर आतला एकूण दाब १.२५. दुपारी ४२ अंशांना बोट भरली आणि २७ अंशांच्या नदीत टाकली, तर केल्व्हिनमध्ये ३१५ वरून ३००. दाब त्याच प्रमाणात उतरतो: १.२५ चे १.१९. म्हणजे दाबमापकावर ०.२५ च्या जागी ०.१९ दिसेल. एक थेंबही हवा न जाता बोट नरम लागेल.

उलटंही होतं. पहाटे २५ अंशांना टणक भरून बोट उन्हात ठेवली आणि ट्यूब ५० अंशांपर्यंत तापली, तर ०.२५ चे ०.३५ होतात. ट्यूब ताणत नाही असं धरून हा हिशेब आहे. थोडी ताणते, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरेल. पण उन्हात ठेवलेल्या बोटीची हवा थोडी सोडावी हे खरं.

म्हणून गळतीची परीक्षा सावलीत, बंद खोलीत किंवा शेडमध्ये करावी आणि दर वेळी दाबाबरोबर तापमानही लिहून ठेवावं. अंगठ्यावर विसंबू नये. कमी दाबाचा मापक घ्यावा, टायरचा चालत नाही. त्यावर ०.२ बार धड वाचताच येत नाही.

काठावरचा | १५ एप्रिल, रात्री ११:१०

सर, वही केली आहे. तापमान, वेळ, दाब, तीन रकाने.

गाईडदादा, तुम्ही म्हणालात तसं केलं. शाळेच्या हॉलमध्ये बोट पसरली. पाच-सहा पोरं होती. डावा कप्पा अर्धा भरला आणि आम्ही गप्पा मारत बसलो. अर्ध्या तासाने एका पोराने हाक मारली. बोटीचं नाक, जे फरशीवर चपातीसारखं पडलं होतं, ते हळूहळू वर येत होतं. आम्ही कुणीही त्याला हात लावला नव्हता. उजवा कप्पा होता तसाच सपाट. तासाभराने डावा आणि पुढचा सारखेच झाले.

म्हणजे दोन कप्प्यांना वेगळं ठेवणारा आतला पडदा गेला. बरोबर ना?

कापडही कळलं. व्हॉल्व्ह काढून बॅटरी मारली, आत काळं आहे. अ‍ॅसिटोनने चिकट झालं नाही. हायपलॉन.

कुंडलिका_गाईड | १६ एप्रिल, सकाळी ८:३०

बरोबर. डाव्या आणि पुढच्या कप्प्यामधला पडदा सुटला आहे. आणि डाव्या कप्प्याला भोक नाहीच. हवा डावीकडून पुढे जाते आणि पुढच्या कप्प्यातून बाहेर. तुम्ही साबण लावला डाव्याला, भोक आहे पुढच्याला. पंक्चरवाल्याने ठिगळ मारलं ती जागा नुसती खरचटलेली होती.

एक विचारतो. बोट भरताना कधी एक कप्पा पूर्ण टणक करून मग दुसऱ्याकडे वळलात का? किंवा टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावला का?

काठावरचा | १६ एप्रिल, दुपारी १:००

दोन्ही. २०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा फूटपंपाला वेळ लागेल म्हणून ट्रॅक्टरच्या टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर लावला, आणि डावीकडून सुरुवात केली. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

कुंडलिका_गाईड | १६ एप्रिल, रात्री ९:२०

माहीत नसतंच, कुणी सांगत नाही. एका बाजूला पूर्ण दाब, दुसरी बाजू रिकामी, तर सगळा भार पडद्याच्या कडेच्या चिकटवणीवर येतो. म्हणून सगळे कप्पे आधी पाव भरायचे, मग अर्धे, मग शेवटचा दाब, प्रत्येक फेरी सगळ्या कप्प्यांना. रिकामी करतानाही तसंच. कॉम्प्रेसर बोटीजवळ आणायचाच नाही. त्याचा दाब बोटीच्या कितीतरी पट असतो, मापक बघेपर्यंत शिवण गेलेली असते.

आता पुढच्या कप्प्याला साबण लावा. नुसत्या कापडाला नको. रबरी पट्टीच्या कडेला, कड्यांच्या बुडाशी, दोरी ओवायच्या पट्ट्यांखाली लावा. मोठा बुडबुडा शोधू नका, बारीक फेस शोधा. आणि जिथे फेस दिसेल तिथेच भोक असेल असंही नाही. हवा कधी कधी कापडाच्या धाग्यांमधून सरकत जाते आणि हातभर लांब बाहेर पडते. साबणाने नाही कळलं तर गाल ओला करा आणि ट्यूबपासून दोन बोटं अंतरावर फिरवा. हाताला जे कळत नाही ते ओल्या गालाला कळतं. आम्ही रात्री, नदीचा आवाज कमी असताना करतो.

टोरांटोकर | १६ एप्रिल, रात्री ११:४५

इथे माझ्याकडे छोटी पीव्हीसीची बोट आहे, तलावात फिरायची. तिच्यासाठी टीअर-एड नावाची पारदर्शक चिकटपट्टी ठेवतो. पीव्हीसीला बी प्रकारची, हायपलॉनला ए प्रकारची, दोन्ही वेगळ्या. पाण्यावर असताना फाटलं तर कोरडं पुसून लावायला बरी पडते. कायमची दुरुस्ती म्हणून तिच्यावर विसंबत नाही. अजून एक, थंडीत पीव्हीसी ताठ होते, गॅरेजमध्ये घडी उलगडायला गेलो तर घडीवरच भेग पडली. तुम्हाला थंडीचा त्रास नाही, पण दर वर्षी त्याच रेषेवर घडी घालू नका.

काठावरचा | १८ एप्रिल, पहाटे ५:१५

सापडलं! रात्री दोन वाजता सापडलं, तेव्हापासून झोप नाही.

नाकावर बोट ओढायचं जे लोखंडी कडं आहे, त्याच्या गोल रबरी बुडाच्या वरच्या कडेला. दुधाला पहिला कढ यायच्या आधी जसा पांढरा बारीक फेस कडेने जमतो, अगदी तसा, चार बोटं लांबीचा. कड नखाने उचलली तर गोल बूड अर्धं सुटलेलं, आणि त्याच्याबरोबर खालचा नारिंगी लेपही निघालेला. धागे दिसतात. पुरात बोट बाभळीला, विजेच्या खांबाला याच कड्याने बांधत होतो. प्रवाहाचा सगळा ओढ त्याच्यावर.

दुसरी जागा उजव्या बाजूला. तिथे काटा मोडून आत राहिला होता, बाभळीचाच, काढला तेव्हा सुईएवढं भोक बोलायला लागलं. चार वर्षं तो काटाच बूच होऊन बसला होता.

वारणाकाठ | १८ एप्रिल, सकाळी ८:१०

अभिनंदन भावा. आमच्याकडेही पुरात पाण्याखाली काय काय असतं सांगू नका. द्राक्षबागेचे अँगल, तारेचं कुंपण, उसाची खोडकी. वरून सगळं सपाट पाणी.

रसायनी | १८ एप्रिल, सकाळी ११:३५

मी चिकटद्रव्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. गोंदाबद्दल मी सांगते, कारण इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात.

हायपलॉनला दोन भागांचा निओप्रीन गोंद लागतो: एक डबा गोंदाचा, एक छोटी बाटली हार्डनरची, म्हणजे गोंद पक्का करणाऱ्या द्रव्याची. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ठिगळही त्याच जातीच्या कापडाचं हवं. हायपलॉन हे नाव ड्युपाँटचं, त्यांनी २०१० मध्ये ते बनवणं थांबवलं. आता त्याच जातीचं रबर सीएसएम नावाने मिळतं. दुकानात सीएसएम म्हणाले तर घाबरू नका.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याला पाणी प्रिय आहे. हवेतली वाफ मिळाली तर ते गोंदाशी जोडणी करण्याऐवजी पाण्याशी करतं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे चिकटवणीत बारीक फुगे राहतात. शिवाय गोंदातला द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेत त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव धरतं. गोंदावर पांढुरकी झाक आली तर समजा तेच झालं, पुसून पुन्हा सुरू करा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच हे काम करावं. आपल्याकडे जुलैत ती ८५-९० च्या घरात असते. पावसाळ्यात लावलेलं तुमचं ठिगळ योग्य गोंदानेही टिकणं कठीण होतं.

एप्रिल उत्तम. पण भर दुपार नको. ४० अंशांना गोंदावर लगेच साय धरते आणि आतला द्राव अडकतो. सकाळी आठ ते अकरा, सावलीत.

हार्डनरची बाटली लहान घ्या आणि उघडली की त्याच दिवशी वापरा. झाकण लावून पुढच्या वर्षी ठेवलेली बाटली म्हणजे फेकायची बाटली. दोन्हींवरची तारीख बघा. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, बऱ्याच गोंदांना १०० ग्रॅमला ४ ते ५ ग्रॅम. डोळ्यांच्या अंदाजाने नको, डिजिटल काट्यावर मोजा.

हे द्राव पेट घेणारे आहेत आणि हार्डनर फुप्फुसाला वाईट. दारं-खिडक्या उघड्या, हातमोजे, द्रावांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क. कापडी मास्कचा उपयोग नाही. जवळ विडी नाही, स्टोव्ह नाही. आणि मदतीला पोरं असतील तर लहानांना लांब ठेवा, हे विनंतीने सांगते.

काठावरचा | १८ एप्रिल, दुपारी ३:००

ताई, हे सगळं छापून शेडच्या भिंतीला लावतो. शाळेचा हॉल नको मग, आमच्या गुऱ्हाळाच्या मांडवात करतो. चारी बाजू उघड्या, वर पाचट, हंगाम संपला आहे.

ठिगळ लावायची रीत कुणी क्रमाने सांगेल का? कड्याचं बूड पुन्हा तिथेच लावायचं की जागा बदलायची?

कुंडलिका_गाईड | १८ एप्रिल, रात्री १०:००

तिथेच. पण आधी खाली ठिगळ, ते पक्कं झालं की त्यावर नवीन बूड.

जुनं बूड ओढून काढू नका, हेअर ड्रायरने कोमट करत, कडेने टोल्युइनचा (गोंद विरघळवणाऱ्या द्रावाचा) बोळा फिरवत सोलत न्या. जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे. नव्या गोंदाखाली जुना राहिला तर नवा जुन्याला धरतो आणि जुना कशालाच धरत नाही. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, चकाकी जाईपर्यंत, धागा दिसेपर्यंत नाही. तुमच्याकडे जिथे आधीच धागे उघडे पडलेत तिथे पेपर लावूच नका. ठिगळाची गोंद लावायची बाजूही घासा. ठिगळ भोकापासून चारी बाजूंनी निदान दोन इंच मोठं, आणि कोपरे गोल. टोकदार कोपरा पहिला उचलतो.

ट्यूब रिकामी, खाली प्लायचा तुकडा, सपाट. ठिगळ ठेवून पेन्सिलने रेषा आखा, कडेला कागदी चिकटपट्टी. टोल्युइनने पुसा, स्वच्छ पांढऱ्या सुती फडक्याने, एकाच दिशेने. रंगीत फडकं नको, त्याचा रंग उतरतो. पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही, बोटाला तेल असतं.

गोंदाचा पहिला हात अगदी पातळ, आखूड केसांच्या ब्रशने, दोन्ही बाजूंना. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या. दुसरा हात. पुन्हा वाळू द्या. जिथे धागे उघडे आहेत तिथे तिसरा. मग बोटाच्या सांध्याने टेकून बघा: चिकट लागला पाहिजे पण ओढल्यावर तार सुटता कामा नये. ती वेळ चुकवायची नाही. ठिगळ एका कडेपासून टेकवत न्या, सगळं एकदम टाकू नका. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. मग स्टीलच्या डावाच्या पाठीने मधून बाहेर जोर लावून घासा. दहा मिनिटं. हात भरून आला पाहिजे. या घासण्यातच सगळं आहे, वर वजन ठेवून ते होत नाही.

२४ तास हात लावू नका, पूर्ण दाब तीन दिवसांनी.

निवृत्त_मास्तर | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

गाईडसाहेब, पडद्याचं काय? दोन्ही कप्पे सारख्याच दाबाला भरले तर पडद्यावर भार येणार नाही, हवा इकडून तिकडे जाणार नाही. बाहेरची भोकं बुजवल्यावर बोट व्यवहारात चालेल, असं गणित सांगतं.

वारणाकाठ | १९ एप्रिल, सकाळी ९:००

मलाही तेच वाटतं सर. पडदा आत आहे, तो उघडायला ट्यूब फाडावी लागणार. चांगली ट्यूब कशाला फाडा? आतून ओतायचं रबरी दूध मिळतं ना, ते ओतून बोट उलटीपालटी करायची.

कुंडलिका_गाईड | १९ एप्रिल, दुपारी १२:४०

सर, गणित बरोबर आहे, जोपर्यंत काही फाटत नाही तोपर्यंत. पण कप्पे कशासाठी असतात? एक फाटला तर बाकीच्यांनी माणसांना तरंगत ठेवावं म्हणून. तुमच्या बोटीला आज कागदावर तीन कप्पे आहेत, खरे दोनच. पुराच्या पाण्यात डाव्या बाजूला अँगल लागला तर डावीही जाईल आणि नाकही जाईल. मागे इंजिनाचं वजन, पुढे नाक बसलेलं, एक बाजू बसलेली, आत दहा माणसं. मी अशा बोटीत पाहुण्यांना बसवणार नाही, आणि ती माणसं तर पोहता न येणारी, घाबरलेली असतात.

बाहेरचं भोक दिसतं, म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. ते सर्वात कमी धोक्याचं आहे. बोट मऊ पडते, कळतं, पंप मारता येतो. पडदा गेलेला कळतच नाही, ज्या दिवशी कळतो त्या दिवशी पाण्यात असता.

आतून ओतायचं द्रव्य सूक्ष्म पाझराला ठीक आहे, म्हाताऱ्या बोटीचं अंगच पाझरायला लागतं तेव्हा. सुटलेल्या कडेला ते जोडत नाही.

काठावरचा, बाहेरचं काम तुम्ही करा, तुमच्याने होईल. पडद्यासाठी बोट घेऊन कोलाडला या. आमच्या शेडमध्ये करू. माझे मजुरीचे पैसे नकोत, सामानाचे द्या.

मालवणी_वारा | १९ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

गाईडदादा, तुमच्या या बोलण्यासाठी मुद्दाम लॉग-इन झालो. आमच्या बोटींचे कप्पेही उद्या एकेक भरून तपासतो. आजवर कधी केलं नव्हतं.

काठावरचा | २८ एप्रिल, रात्री ९:३०

उशीर झाला लिहायला. सामान यायला आठवडा गेला.

बाहेरची दोन्ही ठिगळं लावली. पहिल्या दिवशी सकाळी नऊला आर्द्रता ५२, तापमान २९. काट्याचं भोक नीट झालं. कड्याच्या जागी मात्र पहिला प्रयत्न मीच पुसून काढला. दुसरा हात वाळताना मांडवात ऊन शिरलं आणि गोंदावर साय आली. ताईंचं वाचलं होतं म्हणून ओळखता आलं, नाहीतर तसंच चिकटवलं असतं. दुसऱ्या दिवशी पूर्वेला ताडपत्री बांधून पुन्हा केलं. डावाने घासताना तळहाताला फोड आला, पण कड नखाने उचलत नाही. जो आमचा पंक्चरवाला आहे, त्यालाच बोलावलं होतं सोबत. घासायचं काम त्याच्याइतकं कुणाला येत नाही. आता गोंदाची गोष्ट त्यालाही माहीत झाली.

परवा टेम्पोने कोलाड.

काठावरचा | ४ मे, रात्री १०:४५

परत आलो. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

दादांनी ट्यूबवर पडद्याची जागा बाहेरून हाताने चाचपून शोधली, तिथे एक फुगीर कडी लागते. तिच्यापासून चार बोटं पुढे, ट्यूबच्या वरच्या अंगाला, खडूने वीतभर रेषा मारली आणि ब्लेड माझ्या हातात दिलं. "तुमच्या गावाची बोट आहे, पहिला चिरा तुम्ही द्या," म्हणाले. चार वर्षं जिला काटा लागू नये म्हणून जपलं तिच्यावर ब्लेड चालवताना हात थरथरला.

चीर उघडून आत बॅटरी धरली. पडदा म्हणजे खोलगट ताटासारखा कापडाचा गोल, कड ट्यूबला आतून चिकटवलेली. खालच्या बाजूला जवळजवळ हातभर कड सुटलेली, आणि त्या फटीत २०२१ च्या पुराचा गाळ. बारीक, वाळलेला, बोटाला लागला तर पीठ. तो आत कसा गेला म्हणून दादांनी विचारलं. पंपाची नळी चिखलात पडायची आणि तीच आम्ही तशीच लावायचो, त्यातून.

मग तेच सगळं: जुना गोंद सोलणं, घासणं, पुसणं, दोन हात, वाट बघणं. फक्त हे सगळं एका चिरेतून, कोपरापर्यंत हात आत घालून, टॉर्च तोंडात. सुटलेल्या कडेवर बोटभर रुंद पट्टी दोन्ही अंगांनी. आत वाफ कोंडते, म्हणून दादा सारखा छोटा पंखा लावून हवा बाहेर ओढत होते आणि दर पाच मिनिटांनी मला उठवत होते. शेवटी चीर बंद करताना आतून एक ठिगळ, बाहेरून एक मोठं. आतून-बाहेरून शंखजिरे भुरभुरलं, म्हणजे घडी घातल्यावर कापड कापडाला धरत नाही.

तीन रात्री राहिलो. दादांच्या घरी आईंनी जेवायला घातलं. पैसे घेतले ते खरंच फक्त सामानाचे.

निवृत्त_मास्तर | ५ मे, सकाळी ७:००

मी १९ तारखेला जे लिहिलं ते मागे घेतो. कप्पा कशासाठी हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आता दाबाचे आकडे टाका.

काठावरचा | ९ मे, सकाळी ११:२०

सर, वहीतून उतरवतो. सगळं सावलीत.

आधी डावा एकटा भरून, बाकी रिकामे ठेवून, अर्ध्या दाबाला चार तास. नाक हललं नाही. मग नाक एकटं भरून डावीकडे बघितलं, तीही सपाट. मग सगळे कप्पे पाव, अर्धे, पूर्ण.

७ मे, रात्री १० वाजता ३१ अंशांना ०.२४. पहाटे साडेपाचला २४ अंशांना ०.२१. सकाळी दहाला पुन्हा ३१ अंश झाले तेव्हा ०.२४. तिन्ही कप्प्यांचे आकडे सारखे. पहाटे ०.२१ वाचून पोटात गोळा आला होता, दहा वाजेपर्यंत शेडमधून हललो नाही.

रसायनी | ९ मे, दुपारी १:१५

छान! सात अंशांच्या फरकाला एवढी उतर अपेक्षितच आहे. आता बोट पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. पत्र्याखालच्या उष्णतेने शिवणींचा गोंद म्हातारा होतो. मांडवात, सावलीत, जमिनीपासून वर, आणि उंदीर पोचणार नाहीत अशी. इंजिनाचं पेट्रोल तिच्यावर सांडू देऊ नका.

वारणाकाठ | ११ मे, रात्री ८:५०

आमची बोट आज काढली. कप्पा-कप्पा भरून पाहिला. आमचाही उजवीकडचा पडदा गेला आहे. गेली दोन वर्षं याच बोटीवर आम्ही भरवसा ठेवून होतो. झटपट गोंदाचा तुकडाही निघाला, लेप घेऊनच निघाला.

काठावरचा भावा, तुमच्याकडे हायपलॉनचं कापड उरलंय का? आणि एकदा येऊन बघाल का?

काठावरचा | ११ मे, रात्री ९:०५

अर्धा मीटर उरलंय. हार्डनर नवीन मागवावा लागेल, आमचा त्याच दिवशी संपवला. तुमच्या कापडाची जात आधी बघा, अ‍ॅसिटोनने.

येत्या रविवारी बोट इकडेच आणा. मांडव मोकळा आहे, ताडपत्री बांधलेलीच आहे, पंक्चरवालाही येतो म्हणालाय. सकाळी सातपर्यंत पोचा, आठला काम सुरू करू. पंपाची नळी धुऊन आणा.